अकरा नंबरचा ट्रेड

सन दोन हजार तेवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो.

माझी शाळा चौथीपर्यंत, पण आकड्यांत मला अजून कुणी पकडलेलं नाही. ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळ डँडेनॉन्गला मुलाकडे राहायला आलो आणि त्याच्या बास्केटबॉल टीमच्या गुण लिहायच्या टेबलावर बसू लागलो. इंग्रजी कागद भरायला दुसरा माणूस असायचा. मी माझा वेगळा कागद ठेवायचो. त्यात नावं नाहीत, शर्टाचे नंबर. बास्केट पडलं की रेघ. चेंडू समोरच्यांकडे गेल्यावर जो मागे धावत आला नाही, त्याला फुली. फुलीची पद्धत माझी स्वतःची, कुणी शिकवलेली नाही.

मुलाचा नंबर अकरा, वय बेचाळीस. सगळ्यांत जास्त रेघा त्याच्याच. खालोखाल सात नंबर, तोही चाळिशीचाच. तरी त्या वर्षी टीम तळाला गेली.

एका शनिवारी मॅच हरून सगळे दुपारीच कॅप्टनच्या गॅरेजमध्ये जमले. कॅप्टन सव्वीस वर्षांचा, पुण्याचा, बोलायला गोड. म्हणाला, एक-दोन वर्षं हरलो तरी चालेल, पण टीम मुळापासून नवी बांधायची. "अकरा आणि सातला ट्रेड करूया."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? आमच्याकडे ट्रेड म्हणजे आयटीआयचा: फिटर, टर्नर, वेल्डर. माझ्याकडे ट्रेड नव्हता म्हणून जन्मभर कारखान्यात हेल्पर राहिलो. इथेही प्लंबर, इलेक्ट्रिशियनच्या कामाला ट्रेडच म्हणतात. मुलगा एवढा इथल्या युनिव्हर्सिटीत शिकला आणि गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो, हे मला सलायचंच. वाटलं, पोरं त्याला कुठेतरी चांगल्या ठिकाणी चिकटवतायत.

मी म्हणालो, "करा की. उशीरच झाला म्हणायचा."

मग कॅप्टन म्हणाला, "काका, तुमचा कागद आहे ना? अकराच्या फुल्या किती?"

मी खिशातून कागद काढला आणि मोजल्या. सहा मॅचच्या एकेचाळीस. घरचा म्हणून एकही कमी धरली नाही, हेही ऐकवलं. वर आणखी सांगितलं की मागे धावायला आळशी आहे, पण हाताला गुण आहे, शिकवाल तर पटकन शिकेल.

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. हळूच म्हणाला, "बाबा, ट्रेड म्हणजे मला दुसऱ्या टीमला द्यायचंय. त्यांची दोन उंच पोरं बदल्यात इकडे येणार."

मग मी भांडलो. हा गेला तर बास्केट कोण टाकणार, असं विचारलं. ते म्हणाले, नवी पोरं शिकतील. मी म्हटलं, शिकवणारेच घालवलेत तर ती कुणाकडे बघून शिकतील? त्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. माझा कागद समोर बर्फाच्या पेटीच्या झाकणावर पसरलेला होता. मी बोलायला लागलो की कुणीतरी त्यावर बोट ठेवायचं.

शेवटी मी गावची गोष्ट काढली. आमच्या कबड्डीच्या संघात पस्तिशीचा एक चढाईवाला होता, भारी माणूस, असं म्हणालो आणि तिथेच थांबलो.

"मग काय झालं, काका?"

"काही नाही."

पुढचं सांगण्यासारखं नव्हतं. त्याला काढायला पहिला हात मी वर केला होता. तेव्हा मी वीस वर्षांचा. आणि पुढच्या वर्षी आम्ही तालुक्याची ढाल आणली होती.

मुलगा म्हणाला, "बाबांचा कागद बरोबर आहे. गुडघा धरतो माझा, म्हणून नाही धावत मागे."

एका घरात राहतो आम्ही. मला हे तिथे, दहा जणांत कळलं.

हात वर झाले. टेबलवाल्याला मत नसतं. मुलाने स्वतःचाही हात वर केला.

येताना गाडीत मी विचारलं, कधीपासून दुखतो. म्हणाला, दोन वर्षं झाली.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही हळद लावायला सांगितली असती."

एरवी मी हसलो असतो. हळद खरंच सांगितली असती, पण त्या फुल्या मारल्या नसत्या. की मारल्या असत्या, देव जाणे.

शर्ट टीमचा असतो, परत करावा लागतो. सुनेने तो रात्रीच धुऊन टाकला होता. सकाळी मुलगा उठायच्या आत मी तो दोरीवरून काढला. काखेत अजून ओला होता. तसाच घडी घातला आणि चालत कॅप्टनच्या घरी गेलो. मुलाला तिथे जाऊन द्यायला लागू नये, एवढंच माझ्या हातात होतं.

कॅप्टनने तोंडात ब्रश घेऊनच दार उघडलं. फोन करायचा ना काका, मीच आलो असतो, म्हणाला. चहा विचारला, मी नको म्हटलं. मग शनिवारी टेबलावर याल ना, असं विचारलं. मी म्हणालो येईन, पण रेघा तेवढ्या मारीन, फुल्यांना दुसरा माणूस बघा. आणि शर्ट त्याच्या हातात दिला.