मागे घेतलेले नाव

डॉ. कुसुम बाविस्कर यांची आणि माझी पहिली भेट सुरतेत, त्यांच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. मी तिथल्याच गोडादरा वस्तीतली, लूमवर राबणाऱ्या बापाची मुलगी. भीतीने गुजरातीतच उत्तरे देत होते. मॅडमनी माझा पीएच.डी.चा अर्ज बाजूला ठेवला आणि विचारले, "तू कोठली शे?" घरची अहिराणी त्यांच्या तोंडून ऐकली आणि मला रडूच आले. त्यांचे वडीलही खानदेशातून सुरतेत, उधन्याच्या मिलमध्ये आलेले, हे नंतर कळले.

मॅडमचा विषय पूर्व आफ्रिकेतले रानउंदीर. कवटी आणि दात पाहून जात ठरवायची, नवी असेल तर तिला नाव द्यायचे. तरुणपणी त्या तिकडे शिकवत असताना डोंगरात सापळे लावायला जुमा नावाचे गृहस्थ त्यांच्या सोबत असत. एकदा जुमांनी अंगठ्याएवढा उंदीर आणून दिला. मॅडमना तो नवा वाटला. आणखी एक नमुना मिळावा म्हणून त्यांनी मुक्काम आठवडाभर वाढवला. त्याच आठवड्यात जुमांना ताप भरला आणि दवाखाना गाठण्याआधीच ते गेले.

"मी थांबवलं नसतं तर ते घरी असते," हे वाक्य मॅडमच्या तोंडून मी एकदाच ऐकले आहे. त्या जातीला त्यांनी जुमांचे नाव दिले. जुमांच्या पत्नी मरियमबाई यांनी ते लॅटिन नाव कबरीच्या दगडावर कोरून घेतले.

पुढे माझ्या संशोधनासाठी परदेशी संग्रहालयातल्या एका फार जुन्या उंदराची मापे आणि कातडीच्या तुकड्याचा डीएनए तपासणी-अहवाल आला. ती जात जुमांच्या जन्माआधीच कुणीतरी नोंदवलेली होती. दातांच्या ज्या फरकावर मॅडमची जात उभी होती, तो फक्त वयाचा फरक होता; जुना नमुना पिल्लाचा होता. दोन्ही उंदीर एकाच जातीचे. नियमाने आधीचे नाव टिकते, नंतरचे बाद होते.

ते कागद मी पिशवीतूनच नेत-आणत राहिले. शेवटी धीर करून कागद त्यांच्यापुढे ठेवले. मॅडमनी माझ्यासमोर सगळे पुन्हा मोजले.

"हे कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे." आवाज चढला नाही, पण मला तो अजून ऐकू येतो.

"मॅडम, आपण नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय ना? लिहायला घे. चूक माझ्या नावावर, शोध तुझ्या."

लेख छापण्याआधी त्यांनी मरियमबाईंना फोन केला. स्वाहिली मला कळत नव्हती. मॅडम थोडेसे बोलल्या, मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "त्या विचारतात, मग ते गेले कशासाठी?"





त्या लेखामुळे मला नोकरी लागली. हे लिहिताना मान खाली जाते. मॅडमच्या या गौरवग्रंथात हे नको, असे मी म्हटले होते. मॅडम म्हणाल्या, "हेच लिही. बाकीचं इतर लोक लिहितील."

मॅडम दर रविवारी मरियमबाईंना फोन लावतात. बहुतेक वेळा तो वाजून बंद होतो. पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या आमच्या मॅडमना उदंड आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि हात असेच स्थिर राहोत, आणि येत्या रविवारी तो फोन उचलला जावो.