हातोहात गेलेला दगड

आमच्या सरांना लोकसहभागाचं वेड लागलं ते नव्वदच्या आसपास. वेडच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. मी तेव्हा धुळ्याला त्यांच्या हाताखाली संशोधन सहायक होते. माहेर माझं पहूरचं, त्यामुळे इकडची अहिराणी मला समजायची, पण बोलायला गेले की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. प्रकल्पाचं नाव चांगलं दोन ओळींचं होतं. अर्थ एवढाच, की सातपुड्याच्या पायथ्याचा एक बोडका डोंगर पुन्हा हिरवा करायचा तर ते ठरवणार कोण, आणि त्यात कुणाचं काय जाणार.

या दुसऱ्या प्रश्नावर सर अडून बसायचे. "झाडं काय, सरकारही लावतं," ते म्हणायचे, "पण ज्याचं जातं त्याला कुणी विचारत नाही." म्हणून त्यांनी नियम घातला: सभेत, सगळ्यांसमोर जे बोललं जाईल तेवढंच धरायचं. ओट्यावर बसून कुणाच्या कानात सांगितलेलं काही धरायचं नाही. त्यामुळे गावातल्या मातब्बरांची कुजबूज बंद झाली आणि त्यांची तोंडं एवढीएवढीशी झाली. मला तर भारी आनंद झाला होता. नियम चांगलाच होता हो, मी आजही कुणाशीही त्यावरून भांडेन, आणि तेच मला आतून खातं.

बायकांची सभा शाळेच्या अंगणात भरली. जमिनीवर राखेनं डोंगर काढला, नाला काढला, आणि मी विचारलं, "यातलं काय हलवायचं नाही ते सांगा." बाया बोलायला लागल्या ते थांबेचनात. मोहाची झाडं, चारोळी, सरपणाची वाट, शेळ्यांची चराई. सगळ्यांत मोठा आवाज अक्कांचा. पन्नाशीच्या, नवरा गेलेला, घरात एकट्या, दारात शेळ्या. तोंड म्हणजे फटाक्यांची माळ. सरपंचभाऊंनाही त्या सोडायच्या नाहीत, आणि तेही हसून पुढे जायचे.

मग मी नाल्यावरच्या उतारावर काठी टेकवली. तिथले दगड गोळा करून खाली बांध घालायचा बेत होता. "इथलं काही?" अक्कांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बाकीच्या बाया एकदम जमिनीकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "अक्का, बोला ना, आज काय जीभ घरी ठेवून आलात का?" कुणी हसलं नाही. कुणी काही बोललंच नाही म्हटल्यावर नियमाप्रमाणे उतार मोकळा धरला. पुरुषांच्या सभेतही त्यावर अवाक्षर निघालं नाही.

श्रमदानाच्या दिवशी मात्र गावाला जत्रेचं रूप आलं. कॉलेजच्या शिबिराची मुलं वर उतारावर दगड वेचत होती, आणि तिथून खाली नाल्यापर्यंत माणसांची साखळी. दगड हातोहात खाली येत होते. माझ्या वरच्या अंगाला अक्का होत्या, आणि त्या दिवशी त्यांची माळ पुन्हा सुरू झाली होती. मला म्हणे, "शहरनी बाई, कंबर मोडी ना तुनी!" मीही काहीतरी उलट बोलले आणि आम्ही दोघी हसलो.

तेवढ्यात वरून एक चपटा दगड आला. तो अक्कांच्या हातात आला आणि तिथेच राहिला. त्यांनी तो पोटाशी धरला. मला वाटलं, जड असेल, दम लागला असेल. वरच्या माणसांच्या हातात दगड साचले. कुणीतरी ओरडलं, "द्या ना वं अक्का, लाईन थांबनी!" मी हात पुढे केले होते. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग दगड माझ्या हातात दिला, अगदी हळू, आणि मी तो पुढे दिला. एका बाजूनं तो इतका गुळगुळीत होता, की माझ्या हातातून निसटता निसटता राहिला.

संध्याकाळी जीपकडे जाताना त्यांची शेजारीण माझ्या सोबत चालत होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, तो दगड तिनी पोरना व्हता."

मला काही कळेना. तिनं सांगितलं ते असं. त्या वस्तीत पाळण्यातलं लेकरू गेलं, की त्याला त्या उतारावर पुरतात. आणि घरातल्या ज्या दगडावर त्याला अंघोळ घालायची, तोच वर ठेवतात, जनावरानं उकरू नये म्हणून. पुढे त्या लेकराचं नाव कुणी घेत नाही, जागाही चारचौघांत दाखवत नाही. बोललं की लेकरू जागं होतं म्हणतात. अक्कांची लेक जाऊन कित्येक वर्षं झाली होती, पण सगळ्या गावाला माहीत होतं. माझं डोकंच फिरलं. "मग तुम्ही सगळ्या गप्प का बसलात?" मी ओरडलेच. ती म्हणाली, "पोर तिनी. ती नही बोलनी, तं आमी कसं बोलसूत?"

जीप थांबवून ठेवली आणि मी उलटी पळत अक्कांच्या घरी गेले. त्या शेळ्यांना पाला टाकत होत्या. मी धापा टाकत म्हटलं, "अक्का, बांध अजून अर्धाच आहे. उद्या सगळा उकलायला लावते. मी सांगते सरांना, सांगते सभेत, की तो दगड तुमच्या लेकीचा—"

त्यांनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. तळव्याला पाल्याचा ओला वास होता. "बोलू नको, माय," त्या म्हणाल्या. "निजेल शे ती. ऐकी आनि उठी बशी." मी नुसती रडत होते, दुसरं काय करणार? त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि जा म्हणाल्या.

मी कुणाला सांगितलं नाही. बांध पुरा झाला. अहवालात सरांनी लिहिलं, की या कामाला एकाही ग्रामस्थाचा आक्षेप नव्हता, आणि ते खरंच होतं. पुढे माझी लेक झाली. तिला न्हाऊ घालताना फरशीवरून हात फिरला की तो गुळगुळीतपणा बोटांना लागायचा आणि मी तांब्या खाली ठेवायचे. सासूबाई म्हणायच्या, अगं, पोर गारठतेय, लक्ष कुठंय तुझं?

श्रमदानाच्या त्याच वर्षी, दिवाळीनंतर, आम्ही पुन्हा गेलो होतो. बांधाला पाणी तटलेलं, गावच्या विहिरीचं पाणी वर आलेलं. जळगावहून पाहुणे आले होते, सर त्यांना हात लांब करकरून डोंगर दाखवत होते. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मी एकटीच पुढे बांधावर गेले, तर पलीकडून अक्का येत होत्या. पदराखाली काहीतरी धरून, भराभर, जवळजवळ पळतच.

पितळी तांब्या होता. त्या बांधाच्या कडेला बसल्या. कोणता दगड कुठं बसलाय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत थोडं थोडं पाणी ओतत त्या सरकत गेल्या, आणि दगडांवरून वाफा निघत राहिल्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी मान वर केली, लाजल्यासारखं हसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या,

"गार पानीमा रडस ती, माय. तिले ऊन पानीच लागस."