रोटलाइटेवरची वळणं

नोटबुर्गाला, म्हणजे आमच्या बुर्गीला, कुणी सकाळी 'आज हवा मोकळी आहे' असं सांगितलं तर ती आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची, मग आभाळाकडे, आणि मग परत तोंडाकडे. सव्वीस वर्षं तिनं लेर्खाख गावात टपाल वाटलं. कुणाचं पाकीट तिनं कधी फोडलं नाही, पण उजेडापुढे धरलंच नसेल अशी शपथ मी घेणार नाही. बेकरीतला पाव कालचा तर नाही ना, म्हणून ती दाबून बघायची. पाद्रीबुवांचं प्रवचन गेल्या वर्षीचंच तर नाही ना, म्हणून कान देऊन ऐकायची. दोनदा ते निघालंही तसंच, आणि तिनं ते चर्चच्या दारात सगळ्यांसमोर सांगितलंही.

असल्या बाईला गावानं हिमस्खलन समितीची प्रमुख केलं यात नवल काही नव्हतं. ही समिती म्हणजे कुणी साहेबलोक नव्हेत. गावातलीच चार माणसं, बिनपगारी. जोराचा बर्फ पडला की वरचा रस्ता बंद करायचा की उघडायचा ते हीच ठरवतात, आणि शेवटचा शब्द प्रमुखाचा. सरपंच तेव्हा स्पष्टच म्हणाले होते, "डोंगर थापा मारतो. आपल्याला कुणाचंच खरं न मानणारं माणूस पाहिजे."

बुर्गीचं घर गावातलं शेवटचं. तिथून पुढे साडेचार किलोमीटरवर हिंटरबाखची वाडी: सात घरं, एक चॅपेल आणि सेराफिनचं गेस्टहाउस. हिवाळ्यात सेराफिनकडे गर्दी असते ती स्कींच्या तळाला पट्ट्या चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढणाऱ्यांची आणि कोऱ्या बर्फातून खाली येणाऱ्यांची. त्यांना त्या एकाच रस्त्यानं यावं लागतं, आणि त्या रस्त्याच्या बरोबर डोक्यावर रोटलाइटेचा उतार आहे, बोडका, एक झाड नसलेला. घरासमोर रस्त्यावर लोखंडी दांडा. त्याची किल्ली बुर्गीच्या गळ्यात, अंघोळीलासुद्धा.

त्या फेब्रुवारीत तीन दिवसांत एक मीटर चाळीस बर्फ पडला. दांडा खाली. बुर्गी रोज पहाटे फावडं घेऊन बाहेर पडायची, गावातल्या चर्चच्या मागच्या छोट्या चढावर खड्डा खणायची आणि बर्फाचा एक खांब कापून मोकळा करायची. त्याच्या माथ्यावर फावडं ठेवून हातानं थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांब टिकला तर बरं. तिचा तिन्ही दिवस तेराव्या थापेला मोडला, सुरीनं कापावा तसा सरळ. खाली जानेवारीतला जुना थर होता, साखरेसारखा सुटा. त्यावर हे सगळं ओझं नुसतं टेकलेलं होतं.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, ती खड्ड्यावरून परतली तर फोन वाजत होता. सेराफिन.

"बुर्गी, उठलीस का?"

"तू कुणाला झोपू देतोस? बोल."

"रोटलाइटेकडे बघ जरा. ढग उचललाय. पहाटे कुणीतरी वरून खालपर्यंत उतरून गेलंय, मधोमध. उतार हललासुद्धा नाही. आता तरी दांडा उचल बाई, संध्याकाळी माझ्याकडे चाळीस माणसं यायचीत."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"मला काय ठाऊक? मी सहापासून कणीक मळतोय."

"तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झालंय ना? मग तीन-तीन तास उभा कसा राहतोस?"

पलीकडून त्यानं देवाचं नाव घेतलं आणि फोन ठेवला.

बुर्गीनं दुर्बीण काढली. खरंच होतं. वरच्या खिंडीपासून रस्त्यापर्यंत एकाखाली एक वळणं, आखडती, एकसारखी. तिच्या मनात पाल चुकचुकली. आजकालची माणसं रुंद स्कींवर उतरतात, अख्ख्या डोंगराला चार मोठी वळणं घेतात आणि मोकळी होतात. असली बारीक वळणं स्की शिकवणाऱ्या जुन्या कोनराड मास्तराच्या हाताखालची, आणि त्याच्या हाताखालची दोनच माणसं आता उरली होती. एक सेराफिन, आणि दुसरा बुर्गीचा नवरा रोखुस. रोखुसचा डावा खांदा सहा वर्षांपूर्वी झाड पाडताना मोडला, तेव्हापासून त्यानं उतरणं सोडलेलं. हिवाळ्यात तो स्की लावायचा ते रानातल्या हरणांना चारा टाकायला, तेवढंच.

म्हणजे सेराफिनच. आपणच उतरायचं आणि आपणच फोन करून सांगायचं, बघ, उतार धरतोय. वास्तविक एक माणूस उतरला यावरून उतार धरतो असं सिद्ध होत नाही. तो माणूस नशीबवान, एवढंच सिद्ध होतं. पण गाव रेघ बघणार, आणि गावाला रेघ पुरते. बुर्गीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं स्की चढवली, पट्ट्या लावल्या आणि रानातल्या सोंडेवरून वर निघाली. दाट झाडीतून खिंडीपर्यंत जाता येतं, उघड्यावर पाऊल न टाकता. वर सेराफिनची हिंटरबाखकडून आलेली वाट सापडली की फोटो काढायचा आणि त्याच्या तोंडावर मारायचा, असा बेत.

अर्ध्या तासात तिला वर चढणारी एक ताजी वाट लागली. पण ती हिंटरबाखकडून नव्हती आलेली. ती खालून, लेर्खाखकडून आली होती. तिच्याच घराच्या बाजूनं.

दुसरं कुणी असतं तर तिथंच समजलं असतं. बुर्गी नाही. तिला वाटलं, याचा गावात साथीदार आहे. बर्फ काढणाऱ्या गाडीवरचा क्विरिन असणार, तो सेराफिनकडे फुकट जेवतो. माझ्या घरामागून चढतात, एवढी हिंमत. ती दात आवळून त्याच वाटेनं चढत राहिली. क्विरिनला काय काय सुनवायचं ते तिनं जवळजवळ पाठ केलं.

खिंडीच्या तोंडाशी एकुलतं एक स्प्रूसचं झाड आहे. त्याच्याखाली बर्फ दाबलेला होता. तिथं तो बसला होता, पट्ट्या सोडल्या होत्या, काहीतरी खाल्लं होतं. कडक राय-पावाची कड पडली होती, जिरं वेगळं वेचून काढलेली. बुर्गीनं ती कड उचलली. मग ती वाटेकडे नीट बघू लागली. काठीची भोकं फक्त उजव्या बाजूला होती. डाव्या बाजूला एकही नाही. डावा हात वर न जाणारा माणूस.

जिरं दातात अडकतं म्हणून पावातून वेचून टाकणारा माणूस तिच्या घरात पस्तीस वर्षं होता.

आयुष्यात तिनं सगळ्यांची झडती घेतली, पण 'हरणांना चारा टाकून येतो' हे तिनं कधी पडताळून पाहिलं नव्हतं.

ती घरी आली तेव्हा रोखुस स्वयंपाकघरात सातूचं सूप पीत होता. चुलीमागं ओल्या पट्ट्या वाळत होत्या, लपवलेल्यासुद्धा नव्हत्या. बुर्गीनं पावाची कड त्याच्या ताटलीशेजारी ठेवली.

"हरणांना चारा टाकलास?"

"टाकला. मग वर गेलो."

"का?"

रोखुस मुळातच कमी बोलायचा. त्यानं चमचा पुसला, खाली ठेवला. "गावात बोलतात. बुर्गी मुद्दाम बंद ठेवते म्हणे. सेराफिननं तुला सोडून खालच्या खोऱ्यातली बायको केली, त्याचा वचपा काढते."

"आणि तू ते ऐकलंस."

"पहिली काही वर्षं नाही ऐकलं. पण गेल्या साली अकरा दिवस बंद, औंदा तिसऱ्यांदा. इतकी वर्षं राग टिकतो, म्हणजे अजून काहीतरी आहेच की आत. म्हटलं, जाऊन बघावं. खरंच धोका असला तर कळेल."

"मेल्यावर कळेल."

"हो," तो म्हणाला. "तेही चाललं असतं. पण मी खाली आलो ना, बुर्गी. काहीच झालं नाही."

एवढं बोलून त्यानं पुन्हा चमचा उचलला. बुर्गीला वाटलं होतं की तो शरमेल. तो शरमला नव्हता. त्यानं तिची परीक्षा घेतली होती आणि त्याच्या लेखी ती खोटी ठरली होती. तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, आणि यातलं काहीच जमलं नाही. तिनं बूट काढले आणि ते भिंतीशी नीट लावून ठेवले.

दुपारी सेराफिनचा फोन आलाच. ती म्हणाली, "रेघ कुणाची ते मला कळलंय. रस्ता बंद." त्याला वाटलं ती त्याच्यावरच आळ घेतेय. तो तिच्या सगळ्या घराण्याचा उद्धार करू लागला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. बर्फ मुद्दाम पाडून घ्यायला सुरुंगवाल्यांना हेलिकॉप्टर घेऊन शनिवारी सकाळी बोलावलं होतं, आधी वारा पडत नव्हता. तोवर थांबायचं.

ती रात्र दोघांनी एका पलंगाच्या दोन कडांवर काढली.

शनिवारी ऊन पडलं. अर्धं गाव दांड्यापाशी जमलं, जत्रेला जमावं तसं, थर्मास आणि कुत्री घेऊन. क्विरिन आपल्या गाडीच्या पायरीवर उभा होता. रोखुसही आला आणि बुर्गीपासून दोन हात अंतर ठेवून उभा राहिला. रोटलाइटेवर त्याची वळणं उन्हात लखलखीत दिसत होती, नि जो तो बोट दाखवून 'कोण रे तो वाघ' म्हणत होता.

आणि बुर्गी मनातल्या मनात म्हणत होती, पड. अकरा वर्षं ती हा उतार पडू नये म्हणून जागली होती. आज तिला तो पडायला हवा होता, मुळापासून, सगळ्यांदेखत, शेजारच्या त्या एका माणसादेखत. तिला स्वतःचीच लाज वाटली, तरी ती म्हणतच राहिली.

पहिला सुरुंग फुटला. बर्फावर काळा डाग उमटला. बाकी काही नाही.

दुसरा त्याच्या डावीकडे. पुन्हा डाग.

"बुर्गी," क्विरिन वरून म्हणाला, "डोंगरसुद्धा तुझं ऐकेना आता." लोक हसले. आमच्या वरच्या खोऱ्यात लहानमोठे सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, तेव्हा त्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं. पण रोखुस हसला नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

तिसरा सुरुंग खिंडीच्या खाली पडला. क्षणभर वाटलं, हाही वाया. मग झाडाच्या बुंध्यापासून एक रेघ निघाली, आडवी, उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेली, आणि तिच्याखालचं सगळंच्या सगळं सुटलं. वळणं आधी वाकडी झाली, मग तुटली, मग दिसेनाशी झाली. आवाज नंतर आला. कुत्री गाड्यांखाली शिरली. पांढरी धूळ दांड्यापर्यंत येऊन सगळ्यांच्या भुवयांवर बसली.

धूळ खाली बसली तेव्हा रस्ता नव्हताच. त्याच्या जागी दोन मजली ढिगारा होता, आणि त्यातून एका स्प्रूसचा शेंडा बाहेर आलेला होता. खिंडीच्या तोंडाशी काही उरलं नव्हतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्विरिननं टोपी काढली. बुर्गीनं रोखुसकडे न बघता गळ्यातली किल्ली मुठीत धरली. तो झाडाखाली बसून जिरं वेचत होता, तेव्हा त्याच्या बुडाखाली हे सगळं होतं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. रोखुस क्विरिनच्या गाडीच्या पायरीवर टेकला.

खिशातला फोन वाजला. सेराफिन पलीकडून सगळं बघत होता. "बुर्गी," तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "ती वळणं माझी नव्हती."

"माहीत आहे."

"मग..." कोनराड मास्तरचे दोनच चेले उरले होते, हे त्यालाही मोजता येत होतं. "बरं," तो म्हणाला. "मी विचारत नाही."

समितीच्या वहीत 'उतारावरील खुणा कोणाच्या' असा एक रकाना आहे. बुर्गीनं तिथं 'अनोळखी व्यक्ती' असं लिहिलं. अकरा वर्षांत त्या वहीत तिनं लिहिलेलं पहिलं खोटं. सही करताना तिनं ते पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

संध्याकाळी ती बटाटे सोलत बसली. रोखुस समोर येऊन बसला आणि त्यानं दुसरी सुरी घेतली.

"तू खरं बोलत होतीस," पहिला बटाटा सोलून झाल्यावर तो म्हणाला.

"ते तुला डोंगरानं सांगितलं. मी सांगत होते तेव्हा पटलं नव्हतं." तिनं सुरी ठेवली. "तुला जे विचारायचं होतं, ते तोंडानं विचारायचं होतंस, रोखुस. वर कशाला जायचं?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, हे मला कसं कळणार होतं?"

त्याच्या जागी ती असती तर तिनंही हेच म्हटलं असतं. तिनं उठून चुलीमागच्या पट्ट्या काढल्या, कपाटात ठेवल्या, कुलूप घातलं आणि ती किल्लीही गळ्यातल्या दोरीत ओवली.

"विचार आता," ती म्हणाली.

रोखुसनं हातातल्या बटाट्याकडे बघत विचारलं, "त्याच्याशी नाही झालं म्हणून वाईट वाटलं कधी?"

"दोन हिवाळे वाटलं," बुर्गी म्हणाली. "तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की मी टपाल घेऊन निघायच्या आधी दारापासून रस्त्यापर्यंत कुणीतरी बर्फ काढून ठेवतं आणि परत येऊन झोपल्याचं सोंग घेतं. तेव्हापासून नाही वाटलं."

रोखुस तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग खिडकीबाहेर बघितलं. मग परत तोंडाकडे.

"दोन हिवाळे जरा जास्तच झाले," तो म्हणाला, आणि त्यानं पुढचा बटाटा घेतला.