पूनमची राखीव डिस्क

उरणकडच्या मिठागरवाल्यांची पूनम आमच्या मेनफ्रेमच्या, म्हणजे कंपनीच्या मोठ्या संगणकाच्या, खात्यात आली, तेव्हा मीच म्हटलं होतं, ही पोरगी कसली टिकतेय! नऊ वर्षं टिकली, आणि मला शिकवून गेली.

तिच्याकडं डम्पच्या जागेचं काम. मशीन अडखळलं की त्या क्षणी मेमरीत जे असेल ते सगळं डिस्कवर उतरवून ठेवतं, तोच डम्प. चूक कुठं झाली ते त्यातूनच कळतं. पूनमनं त्यासाठी दोन डिस्क राखल्या होत्या. त्यांवर लागेल तेवढी जागा मशीन आपणहून घ्यायचं. जागा नसलीच, तर आधीपासून कापून ठेवलेली एक तोकडी फाइल होती, तिच्यात अर्धंमुर्धंच मावायचं. साहेब म्हणायचे, रिकाम्या डिस्क कशाला अडवतेस? ही बधायची नाही.

मार्चअखेरीला माझ्या कामाला जागा पुरेना. एका डिस्कवर आधीचा डम्प तपासायचा पडला होता. दुसरी मी मागितली. ती नाही म्हणाली. मी चिडलो. "अगं, शेजाऱ्यानं मांडवाला अंगण मागितलं तर नाही म्हणशील का? दोन दिवसांचा तर प्रश्न." आमच्या गावांकडं यावर कुणी नाही म्हणत नाही. तिनं डिस्क दिली. मी ती दोन दिवसांत रिकामी केली नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी मशीन बसलं. शेवटची कमांड दिपेशची, म्हणून खापर त्याच्यावर. दोन लेकरांचा बाप, कंत्राटावरचा माणूस. त्याला काढायचं जवळजवळ ठरलंच. डम्प उघडला, तर त्या तोकड्या फाइलीत मावला तेवढा, अर्धाच. जिथं कारण सापडायचं, तो भाग उतरलाच नव्हता.

बैठकीत पूनम उभी राहिली. "पुरावा न्हाय, तर दिपेशला दोष देता येनार न्हाय. आनि पुरावा गेला तो माझ्यामुळं. राखीव जागा मी दिली."

"कुणाला?" साहेबांनी विचारलं.

"मी दिली, येवढं लिहा."

मी समोरच होतो, मिठाची गुळणी धरून. लाजेनं मेल्यासारखं झालं होतं, तरी तोंड उघडलं नाही.

दिपेशची नोकरी राहिली. पूनमकडून राजीनामा लिहून घेतला.

फाटकापर्यंत मी तिच्यासोबत गेलो. माफी मागितली, रडलोही. ती शांतपणे म्हणाली, "तुकादादा, मी तुमचं नाव घेनारच नव्हते. पन तुमी सोताहून घ्याल, असं वाटलं व्हतं मला."