पडद्याबाहेरचं टेबल

संत तुकाराम नगरातल्या आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकटी बाई आली, की वेटर तिला पडद्यामागच्या फॅमिली रूममध्ये बसवतो. मीही इतकी वर्षं मुकाट तिथंच जेवायचे.

परवा पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर कंपनीच्या निळ्या युनिफॉर्ममधली एक बाई थेट चुलीजवळच्या टेबलावर, पुरुषांच्या घोळक्यात, बाह्या सरसावून बसली.

"ताई, लेडीज आत बसतात," वेटर म्हणाला.

"बसू देत की. आत पोचेपर्यंत भाकरी गार होते, भाऊ. मला तव्यावरची पाहिजे."

मी माझी भाकरी चाचपली. गारच होती. ताट उचललं आणि तिच्यासमोर जाऊन बसले. तिनं कांद्याची वाटी मधोमध सरकवली आणि चुलीकडे हाक दिली, "इथं अजून एक गरम!"