सीझनची बुरशी

"मॅडम, फेकून देऊ काय? सीझनची बुरशी होय हे."

गजूभाऊ, आमच्या यवतमाळच्या लॅबचे सगळ्यात जुने टेक्निशियन, जंतू वाढवायची कल्चर प्लेट घेऊन उभे होते. त्यांचं चुकत नव्हतं. कापसाच्या दिवसांत हवेत एवढी धूळ असते की प्लेट उघडली की बुरशी धरतेच. तिला आम्ही 'सीझनची बुरशी' म्हणतो, रिपोर्टवर 'कन्टॅमिनेशन' लिहितो आणि मोकळे होतो.

मी त्या नमुन्याच्या दोन्ही प्लेट मागितल्या. पेशंटच्या छातीतल्या कफाचा नमुना प्लेटवर तारेने रेघा ओढून पसरतात. हवेतली बुरशी कुठेही उगवते. ही हिरवट बुरशी नेमकी रेघांवर होती, दोन्ही प्लेटवर. म्हणजे ती छातीतून आली होती.

पेशंट वणीच्या खाणीतला डंपर ऑपरेटर, छत्तीस वर्षांचा, धडधाकट. फ्लू झाला आणि पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर. अँटिबायोटिक बदलून झाली, तरी ऑक्सिजन घसरतच होता.

आयसीयूच्या दारात त्याच्या बायकोने मला अडवलं. छातीत बुरशी दिसतेय, मी सांगितलं.

"यायले तं कधी सर्दीबी नाही झाली. बुरशी म्हंजे, भाकरीवर येते थे?"

"तशीच."

"मंग काढा नं थे!"

आत आयसीयूचे मुख्य डॉक्टर माझं ऐकून हसले. "शुगर नाही, कॅन्सर नाही, एचआयव्ही नाही. अशा माणसाला फुप्फुसात बुरशी? पुस्तकात दाखवा."

"पुस्तक जुनं आहे, सर. फ्लूने श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढलंय, वरून आपण स्टिरॉइड दिलंय. बुरशीला आणखी काय पाहिजे?"

"तुम्ही लॅब सांभाळा."

"तेच करतेय. मी कन्टॅमिनेशन लिहिणार नाही. रिपोर्टवर बुरशीचं नाव, 'ॲस्परजिलस', लिहून सही करते. तुम्हाला पटत नसेल तर फाइलवर तसं लिहा आणि खाली सही करा."

मला भयंकर राग आला होता, आवाज चढला होता. सिस्टर बघत होत्या. बघू देत.

सही त्यांनी केली नाही. घशातून आत घालायची दुर्बीण मागवली. श्वासनलिकेत पांढरे चट्टे दिसले. फुप्फुस धुतलेल्या पाण्यातही तीच बुरशी निघाली. पण त्या रिपोर्टची वाट न बघता त्याच संध्याकाळी बुरशीवरचं औषध सुरू झालं होतं. सरांनी स्वतः लिहिलं, माझ्याकडे न बघता.

तीन आठवड्यांनी पेशंटची व्हेंटिलेटरची नळी निघाली. जिना चढताना त्याला अजून दम लागतो, पण तो चढतो.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: फ्लूचा पेशंट बिघडला, तर प्लेट फेकण्याआधी रेघ बघायची. सगळे माझं कौतुक करतात. आधीच्या हंगामांत अशा किती प्लेट मीच सही करून फेकायला लावल्या, हे मात्र कुणी विचारत नाही.