डाळिंबांच्या टोप्या

आमच्या घरात उन्हाळा आला की आधी उशांचे अभ्रे गायब होतात, मग टॉवेल, मग नवऱ्याचे बनियन. चोर घरातलाच. माझी मोठी जाऊ. ही बाई घरामागच्या बागेतल्या डाळिंबांना टोप्या घालते. हसू नका, खरंच घालते! गल्लीने तिचं नाव टोपीताई ठेवलंय. आणि त्या टोप्या शिवायच्या कोणी? मी. शिलाई मशीन माझं ना! एरवी माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, पण ताईंना नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

पहिल्या खेपेला मी अस्तराचं उरलेलं काळं कापड वापरलं. ताईंनी कपाळावर हात मारला.

"अगं, काळं कापड ऊन पितं. आत फळ उकडून निघेल. पांढरं घे, आणि जरा ढगळ शीव, वारा खेळू दे."

म्हणजे फुकट शिवा आणि वर बोलणी खा.

टोप्या का लागल्या, ते सांगते. आमचे सासरे, म्हणजे बाबा, उभा जन्म सलून चालवून घरी बसले. बसतात कसले! हाताला कात्रीची सवय. मग मोर्चा बागेकडे वळला. झाडांची कटिंग कशी, तर कडा रेखीव, मधोमध मोकळं, एक पान इकडचं तिकडे नाही. येणारा-जाणारा वाहवा करायचा. पण वर पानच नाही म्हटल्यावर दुपारनंतरचं ऊन थेट फळावर. पश्चिमेकडची साल आधी पिवळी पडायची, मग तपकिरी, मग चामड्यासारखी कडक. फोडलं तर त्या बाजूचे दाणे पांढरट, ना रंग ना चव. झाडाला पाणी कितीही द्या, एकदा भाजलेली साल काही सुधारत नाही. व्यापारी फळ फिरवून मागची बाजू बघायचा आणि गाडीला किक मारायचा.

शेवटी बाबांनी निकाल देऊन टाकला. "झाडंच नाठाळ आहेत. यंदाही असंच निघालं तर बाग काढायची आणि तिथे गाळे बांधायचे."

ताई ताटावरून उठल्या. लग्न होऊन आल्या वर्षी स्वतः खड्डे खणून त्यांनी ही झाडं लावलेली. मी त्यांच्या मागोमाग गेले.

"सांगून टाका ना त्यांना, कात्रीमुळे होतंय," मी म्हणाले. "नाहीतर मीच सांगते."

"खबरदार! आयुष्यभर लोकांनी त्यांच्या हाताचं कौतुक केलं. आता सुनांनी म्हणायचं, हात आवरा?"

अशी ही बाई! कटिंग तर होऊन गेलेली, पानं काही परत चिकटवता येत नाहीत. म्हणून टोप्या. बाबांना सांगितलं, पाखरं टोचू नयेत म्हणून.

ऐन उन्हाच्या तडाख्यात कापड संपलं. कडेचं एक झाड उघडंच राहिलं. त्यावरच्या सगळ्यात टपोऱ्या डाळिंबाकडे पाहून ताईंना राहवेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खुंटीवरची बाबांची टोपी उचलली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी घर डोक्यावर घेतलं. टोपी सापडेना, तसे भर दुपारी बोडक्यानेच बागेत आले. आणि दिसली की! डाळिंबाच्या डोक्यावर, जरा तिरकी. मी तोंडात पदर कोंबला.

"ही काय चेष्टा आहे?" बाबा गरजले. टक्कल लालबुंद झालं होतं.

"बाबा, आधी सावलीत या. डोकं भाजेल," ताई म्हणाल्या.

"भाजणारच! वर केस असते तर टोपी लागली असती कशाला? सावलीला काही उरलंच नाही, म्हणून तर..."

आणि बाबा मध्येच थांबले. झाडाकडे बघत राहिले. त्याच झाडाचं एक उघडं फळ त्यांनी तोडलं, फिरवलं, फोडलं. मग शेजारच्या झाडाचं, टोपीखालचं. एकात अर्धे दाणे पांढरे, दुसऱ्यात सगळे लालभडक.

"हे मीच केलं की गं," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि तू एका शब्दानेही बोलली नाहीस."

ताईंच्या डोळ्यांना धार लागली. माझंही नाक वाहायला लागलं, खोटं कशाला बोलू?

ताईंनी टोपी काढून पुढे केली. बाबांनी ती घेतली, पुन्हा त्याच डाळिंबाला घातली आणि गिऱ्हाइकाची मान सरळ करावी तशी दोन बोटांनी सरळ केली. मग डोक्यावर हात धरून घरात गेले.

व्यापारी आला, त्याने टोप्यांखालची फळं फिरवून फिरवून पाहिली आणि गाडी बंद केली. गाळ्यांचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढच्या कटिंगच्या दिवशी बाबांनी कात्रीला धार लावली आणि ताईंना हाक मारली.

"इथे उभी राहा. कापायचं मी. बास कुठे, ते तू म्हणायचं."

ताई पहिल्याच फांदीला बास म्हणाल्या. बाबांनी कात्री मिटली.